ज्युबिली व भूमीची विश्रांति

आपल्या धर्मग्रामाच्या स्थापनेस यंदा पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर 'सुवर्ण ज्युबिली' हे शब्द छापले आहेत, मंदिराच्या कमानीवर ते लागले आहेत, आणि गेले कित्येक महिने लहानथोरांच्या तोंडीं तेच आहेत. अशा प्रसंगीं मंदिराच्या बांधकामाचा व आजवरच्या धर्मगुरूंचा वृत्तांत द्यावा असा प्रघात आहे, आणि तो वृत्तांत या अंकांत अन्यत्र आलाच आहे. आम्ही येथें निराळा इतिहास सांगूं इच्छितों. ज्युबिली हा शब्द कोठून आला, मुळांत त्याचा संबंध कशाशीं होता, आणि मध्यंतरीं त्या संबंधाचा आपणांस विसर कसा पडला, याचा तो इतिहास होय. तो वाचल्यावर वाचकांच्या ध्यानीं येईल कीं, ज्युबिलीचा विधि प्रथमतः मंदिरासाठीं नव्हे, तर शेतासाठीं सांगितला गेला होता.

हिब्रू भाषेंत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचें शिंग. तें फुंकून एका विशिष्ट वर्षाचा आरंभ देशभर जाहीर करीत, म्हणून त्या वर्षासच तें नांव पडलें. पुढें लॅटिन भाषेंत हर्षाचा घोष करणें या अर्थाच्या एका शब्दाशीं त्याचा मिलाफ झाला, आणि ज्युबिली म्हणजे आनंदोत्सव असा अर्थ रूढ झाला. मूळ विधि लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. दर सातव्या वर्षीं जमीन पडीक ठेवावी. पेरणी करूं नये, द्राक्षवेलींची छाटणी करूं नये. आपोआप जें उगवेल तें मालकानें, चाकरानें, परक्यानें व पशूंनीं मिळून खावें. अशीं सात सप्तकें, म्हणजे ४९ वर्षें, झालीं कीं सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, शिंग फुंकावें आणि पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई, आणि कर्जापायीं दास्यांत गेलेला मनुष्य मुक्त होऊन आपल्या घरीं येई.

या नियमांतील व्यवहाराचा हिशेब लक्षांत घेण्याजोगा आहे. जमिनीचें मोल ठरवितांना पुढील ज्युबिलीपर्यंत किती पिकें हातीं येतील तें मोजावें, असें तेथें सांगितलें आहे. वर्षें अधिक असतील तर मोल अधिक, वर्षें थोडीं असतील तर मोल थोडें. म्हणजे विकणारा भूमि विकीत नसे. तो फक्त पिकें विकीत असे. याचें कारणही तेथेंच दिलें आहे. भूमि परमेश्वराची आहे, आणि मनुष्य तिच्यावर पाहुणा व कूळ या नात्यानें राहत आहे. 'कूळ' या शब्दाचें वजन आपल्या लोकांस निराळें समजावून सांगावयास नको. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळें वसईंतील पुष्कळ घराण्यांचीं नांवें सातबाराच्या उताऱ्यावर प्रथम चढलीं. ज्याला आपण कूळ होतों याची आठवण आहे, त्याला परमेश्वराच्या या नियमाचा अर्थ लवकर कळावा.

याच अध्यायांत आणखी दोन बारकावे आहेत. तटबंदीच्या नगरांतील घर विकलें आणि वर्षाच्या आंत सोडविलें नाहीं, तर तें कायमचें घेणाऱ्याचें होई. शेताला मात्र हा नियम लागू नव्हता. मनुष्यानें बांधलेली वस्तु एक, आणि परमेश्वरानें दिलेली भूमि दुसरी, हा भेद धर्मशास्त्रानें असा स्पष्ट केला आहे. दुसरा नियम लेवींविषयींचा, म्हणजे मंदिराच्या सेवेंत असणाऱ्या वंशाविषयींचा आहे. त्यांच्या नगरांभोंवतालचें गायरान केव्हांही विकूं नये, अशी तेथें सक्त आज्ञा आहे. या आज्ञेची गरज आम्हांस पुढें लागणार आहे.

हा नियम इस्राएल लोकांनीं पाळला काय? जुन्या करारांत एखादी ज्युबिली सर्वांगांनीं पाळली गेल्याचा वृत्तांत सांपडत नाहीं. मोडल्याचे मात्र दाखले आहेत. राजांच्या पहिल्या ग्रंथांत नाबोथाची हकीकत आहे. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याशेजारीं होता, आणि राजाला तेथें भाजीचा मळा हवा होता. राजा अधिक चांगला मळा किंवा रोख पैसा द्यावयास तयार होता. व्यवहाराच्या दृष्टीनें सौदा वाईट नव्हता. परंतु वाडवडिलांचें वतन विकणें नाबोथाला परमेश्वराच्या दृष्टीनें निषिद्ध वाटलें. पुढें खोट्या साक्षींवर त्याचा दगडमारानें वध झाला, आणि मळा राजाच्या ताब्यांत गेला. यशया प्रवाद्यानें तर घराला घर व शेताला शेत जोडीत सुटलेल्यांना उघड धिक्कारलें आहे.

अखेर इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्यानें यरुशलेमचा विध्वंस केला व लोकांस बंदी करून नेलें. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत या हद्दपारीचा जो अर्थ लावला आहे तो विलक्षण आहे. देश ओसाड पडला त्या सत्तर वर्षांत भूमीनें आपलीं थकलेलीं विश्रांतिवर्षें भरून घेतलीं, असें तेथें म्हटलें आहे. मनुष्यानें विश्रांति दिली नाहीं, तेव्हां भूमीनें ती आपण होऊन घेतली.

प्रभु येशू ख्रिस्त नासरेथच्या सभास्थानांत प्रथम उभा राहिला, तेव्हां त्यानें यशयाच्या पुस्तकांतून वाचलेल्या भागांत प्रभूच्या कृपेच्या वर्षाची घोषणा होती. हें वर्ष म्हणजे ज्युबिलीच होय, असें शास्त्रवेत्ते मानीत आले आहेत. आणि ज्या दिवशीं प्रभु कबरेंतून उठला, त्या दिवशीं या वर्षाचा खरा अर्थ प्रकट झाला. तो देह टाकून वर गेला नाहीं. जखमांच्या खुणांसह त्याच देहानें उठला. म्हणून संत पौल रोमकरांस लिहितांना केवळ आत्म्यांच्या तारणाविषयीं बोलत नाहीं. सर्व सृष्टि बंधनांतून मोकळी होण्याची वाट पाहत असून ती प्रसववेदनांनीं कण्हत आहे, असें तो सांगतो. प्रसववेदना ही मरणाची वेदना नव्हे. तिच्या अंतीं जन्म आहे. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांतही नवी नगरी स्वर्गांतून पृथ्वीवर उतरते, आणि तिच्या मध्यें नदी व फळें देणारीं झाडें आहेत.

ही शिकवण ख्रिस्तसभेला लढून राखावी लागली. दुसऱ्या शतकांत जडसृष्टि ही कोणा हीन देवतेची कृति आहे, तिच्यांतून सुटून जाणें हेंच तारण, असें सांगणारे गूढज्ञानवादी पंथ माजले होते. लिओनचे बिशप संत इरेनेयस यांनीं सुमारें १८० सालीं त्यांच्या विरुद्ध पांच भागांचा ग्रंथ लिहिला. त्यांतील एक युक्तिवाद साधा आहे. वेदीवर आपण जी भाकर व जो द्राक्षारस अर्पितों तो या मातींतूनच आला आहे. माती जर दुष्ट असेल तर तिचें फळ प्रभूचें शरीर व रक्त कसें होईल? जो जो मिस्साबलिदानांत भाग घेतो, त्यानें या मुद्द्याचा विचार करावा.

तथापि शतकांच्या ओघांत ज्युबिलीचा एक अर्धा भाग मागें पडला. पोप बोनिफास आठवे यांनीं १३०० सालीं रोम येथें पहिलें पवित्र वर्ष पाळलें. तें प्रथम शंभर वर्षांनीं यावयाचें होतें. पोप क्लेमेंट सहावे यांनीं तें १३५० सालीं आणून अंतर पन्नास वर्षांचें केलें, आणि पोप पॉल दुसरे यांनीं १४७० सालीं तें पंचवीस वर्षांवर आणलें. यात्रा, पापनिवेदन व दंडमुक्ति यांनीं असंख्य जीवांचें कल्याण झालें. परंतु शेताची विश्रांति व जमिनीचें परत जाणें हा भाग रोमच्या रस्त्यावर उतरला नाहीं. सामान्य भाविकांत तर अशी समजूत रुजली कीं, हें जग म्हणजे एक धर्मशाळा. रात्र काढावी व सकाळीं निघावें, तिच्या भिंतींची डागडुजी आपण कशाला करावी?

या समजुतीला दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १९६५ सालीं स्पष्ट उत्तर दिलें. आधुनिक जगांतील ख्रिस्तसभेविषयींच्या आपल्या संविधानांत ती म्हणते कीं, नव्या पृथ्वीच्या आशेनें या पृथ्वीची मशागत करण्याची आपली कळकळ कमी न होतां उलट वाढली पाहिजे. पुढें पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९७९ सालीं असिसीकर संत फ्रान्सिस यांस पर्यावरणाच्या अभ्यासकांचे व सेवकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें, आणि १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशांत सृष्टीशीं सलोखा केल्यावांचून शांति नाहीं असें प्रतिपादिलें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' हें परिपत्र काढलें. त्यांत सातव्या वर्षाच्या विश्रांतीचा व ज्युबिलीचा नियम पुन्हां सांगितला आहे. त्याच सालापासून १ सप्टेंबर हा सृष्टीच्या संगोपनासाठीं प्रार्थनेचा दिवस ठरला. 'आशेचे यात्रेकरू' हें ब्रीद असलेल्या २०२५ च्या पवित्र वर्षासाठीं त्यांनीं २४ डिसेंबर २०२४ रोजीं पवित्र द्वार उघडलें, आणि २१ एप्रिल २०२५ रोजीं ते प्रभूकडे गेले. त्यांच्या मागून आलेले पोप लिओ चौदावे यांनीं ९ जुलै २०२५ रोजीं कास्तेल गांदोल्फो येथें सृष्टीच्या संगोपनासाठीं नव्यानें मंजूर झालेली मिस्सा अर्पण केली. शिंगाचा विसरलेला सूर असा पुनः ऐकूं येऊं लागला आहे.

आतां आपल्या भूमीकडे वळूं. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. राज्यें गेलीं, तटबंदी पडली. परंतु शेतकऱ्यानें वाडी सोडली नाहीं. केळीचीं बनें, पानमळे, भाजीचे वाफे, मोगरा व अबोली हें वसईचें वैभव. राजेळी केळीं उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं दूरवर जात. आणि आगगाडी आल्यावर पहांटेच्या गाडीनें मुंबईस भाजी, फुलें व दूध नेणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या टोपल्यांवर कित्येक घरांतील मुलें शिकलीं.

हें वैभव ज्या पाण्यावर उभें होतें, त्याची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. आपण समुद्राच्या कांठीं, खाड्यांच्या मध्यें राहतों. जमिनीच्या पोटांत खारें पाणी आहे, आणि पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगत राहतें. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणें अशा किनाऱ्यावर समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी उभें असेल, तर त्याच्या भारानें खालीं सुमारें ४० फूट खोलीपर्यंत गोडें पाणी टिकून राहतें. म्हणून वरचें पाणी एक फूट उपसलें तर खालून खारेपणा ४० फूट चढूं शकतो. आपल्या पूर्वजांस हा हिशेब ठाऊक नव्हता; पण त्यांनीं वाडीवाडींत बावखल खणलें. पावसाळ्यांत तें भरे, हळूहळू मुरे, शेजारच्या विहिरींस झरे देई आणि खाऱ्या पाण्यास खालीं दाबून धरी. उन्हाळ्यांत त्यांतील गाळ काढून वाडीस घालीत. रहाटानें पाणी उपसण्याला बैलाच्या दमाची मर्यादा होती. रहाट थांबला कीं विहिरीला विसावा मिळे. जमिनीची विश्रांति जी मोशेच्या नियमशास्त्रांत लिहिली होती, ती येथें बैलाच्या चालींत होती.

गेल्या पन्नास वर्षांत, म्हणजे नेमक्या आपल्या धर्मग्रामाच्या आयुष्यांत, ही व्यवस्था मोडली. रहाटाच्या जागीं विजेचे पंप आले, व त्यांस दम लागत नाहीं. बांधकामांसाठीं विहिरींचें पाणी टँकरांतून बाहेर जाऊं लागलें. १९८८ सालीं शासनानें वसई-विरारचा मोठा प्रदेश नागरी विकासास खुला केला, आणि १९९० सालीं त्याच्या नियोजनाचें काम सिडकोकडे गेलें. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सर्व धर्मांचे सहकारी यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें पाणी व हिरवळ यांसाठीं लढा उभारला. 'सुवार्ता' मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २५ जुलै २०२४ रोजीं प्रभूच्या घरीं गेले. त्या लढ्यानें सर्व कांहीं वांचलें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. २०१८ च्या जुलै महिन्यांत येथें पाणी एवढें तुंबलें कीं, रेल्वे थांबली व मिठागरांत माणसें अडकून पडलीं. जें पाणी मुरावयाचें, त्याला मुरण्यास जागाच उरली नाहीं. परंतु त्या लढ्यामुळें जी हिरवळ आज शिल्लक आहे ती आहे, आणि पाण्याविषयीं बोलणें हें धर्मगुरूचें व धर्मसभेचें काम आहे, हें वसईंत कायमचें ठरलें.

येथें कोणासही दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांनीं जमीन विकली, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरीं आजारपण होतें, कर्ज होतें, मुलांचें शिक्षण होतें. विहीर खारी झाल्यावर वाडी राखावी तरी कशी, हा प्रश्न होता. ज्यांनीं त्या जमिनीवरील इमारतींत घर घेतलें, तेही आज आपल्याच धर्मग्रामाचे श्रद्धावंत आहेत. कोणी गोव्याहून आले, कोणी मंगळूरहून, कोणी केरळहून. वाडीवाला व इमारतवाला हा भेद परमेश्वराच्या नियमशास्त्रांत नाहीं. त्याच्या भूमीवर आपण सारेच पाहुणे व कुळें आहोंत.

आतां जें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला तें सांगतों. आपल्या मंदिराच्या पाठीमागें एक बावखल आहे. ज्या विहिरीच्या पाण्यानें पन्नास वर्षें आपल्या बालकांचा स्नानसंस्कार होत आला, ती त्याच्यापासून थोड्याच अंतरावर आहे. तें बावखल भरून तेथें वाहनतळ करावा, अशी सूचना धर्मग्राम परिषदेपुढें आहे. सूचना करणारे मंदिराचे हितचिंतक आहेत, आणि त्यांची अडचण खोटी नाहीं. रविवारीं रस्ता अडतो; गेल्या पावसाळ्यांत एका प्रेतयात्रेला फाटकापर्यंत येण्यास अर्धा तास लागला; वृद्धांस दुरून चालत यावें लागतें. या अडचणीवर उपाय झालाच पाहिजे. परंतु तो उपाय बावखल बुजवून होऊं नये, असें आमचें निश्चित मत आहे. लेवींचें गायरान विकूं नये ही आज्ञा येथें आठवावी. ज्यांनीं इतरांस भूमीविषयीं उपदेश करावयाचा, त्यांची स्वतःची भूमि प्रथम राखली गेली पाहिजे. नाहीं तर उपदेशाला अर्थ राहत नाहीं.

आमची विनंती अशी आहे. रविवारीं व सणाच्या दिवशीं वाहनें शाळेच्या मैदानावर उभीं करावीं, आणि वृद्ध व आजारी यांच्यासाठीं तरुणांनीं तेथून मंदिरापर्यंत एका रिक्षाची सोय ठेवावी. येत्या उन्हाळ्यांत सर्वांनीं मिळून बावखलांतील गाळ काढावा व तो ज्यांची वाडी आहे त्यांनीं न्यावा. मंदिराच्या छपराचें पाणी गटारांत न सोडतां नळीनें बावखलांत आणावें. एक हजार चौरस फुटांच्या छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारें १,८५,००० लिटर पाणी मिळतें. आपलें छप्पर त्याहून पुष्कळ मोठें आहे. इमारतींत राहणाऱ्यांनीं आपापल्या सोसायटींत हीच गोष्ट करावी. आणि ज्यांच्या वाडींत अद्याप बावखल आहे, त्यांनीं तें निदान या ज्युबिलीच्या वर्षीं तरी भरूं नये, एवढें आम्ही हात जोडून मागतों.

कोणी म्हणेल, एका बावखलानें वसईचें काय होणार? हिशेबानें पाहिलें तर फारसें होणार नाहीं. परंतु आपली आशा हिशेबावर उभी नाहीं. ती उठलेल्या प्रभूवर उभी आहे. नवी सृष्टि आणणें हें त्याचें काम आहे. या सृष्टीचा एखादा तुकडा त्याच्या हातीं जिवंत परत देणें, एवढेंच कुळाचें काम आहे. आपल्या धर्मग्रामाची शंभरावी वर्षगांठ साजरी करणारे आज स्नानसंस्कारासाठीं आणलेल्या बालकांतूनच निघतील. त्यांच्या नातवंडांच्या मस्तकावर ओतण्यास त्याच विहिरीचें गोडें पाणी असावें, अशी आमची इच्छा व प्रार्थना आहे. आकाश व पृथ्वी यांचा निर्माता पिता, मेलेल्यांतून उठलेला पुत्र, आणि आरंभीं जलांवर वास करणारा पवित्र आत्मा आपणां सर्वांस या कार्यासाठीं बळ देवो. आमेन.